सोमवार सोडून

अण्णांच्या खिशातल्या डायरीत एका पानावर, त्यांच्या त्या बारीक, मास्तरी अक्षरात, तीनच शब्द आहेत : ‘बडोदे. सोमवार सोडून.’

ही नोंद कशी आली ते मला ठाऊक आहे. बावीस वर्षांपूर्वी आम्ही तिघं एका लग्नाला बडोद्याला गेलो होतो. लग्न रविवारी झालं, परतीची गाडी सोमवारी रात्रीची. मधला सबंध दिवस अण्णांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी राखून ठेवला होता. सकाळीच आंघोळ उरकून, इस्त्रीचा सदरा घालून ते तयार. फाटकाशी पोचलो तेव्हा कळलं, राजवाडा सोमवारी बंद असतो. अण्णा काही बोलले नाहीत. आवाराच्या भिंतीला धरून रस्त्याच्या कडेनं चालायला लागले. भिंतीवरून झाडांचे शेंडे दिसत होते. मान वर करून ते एकेक झाड ओळखत चालले : हा कडुनिंब, ही चिंच, हा वड. अर्ध्या तासानं थांबले आणि म्हणाले, “चला. झाडं तर पाहिली.” पुन्हा यायचं असं ठरलं आणि ते राहूनच गेलं. चार वर्षांपूर्वी अण्णा गेले.

गेल्या दिवाळीत कपाट आवरताना ती डायरी आईच्या हाती लागली. तिनं ते पान उघडून माझ्यापुढं धरलं आणि एवढंच विचारलं, “कधी जायचं?”

अण्णांना राजवाड्यांचं वेड नव्हतं. त्यांना गोपाळचं वेड होतं. ते मालेगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, आणि याच तालुक्यातलं कवळाणे हे सयाजीराव गायकवाडांचं जन्मगाव. गायकवाडांच्या एका बाजूला पडलेल्या शाखेच्या शेतकरी घरात ११ मार्च १८६३ ला गोपाळचा, म्हणजे पुढच्या महाराजा सयाजीरावांचा, जन्म झाला. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केलं आणि खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंना दत्तक घ्यायची मुभा मिळाली. कुळातल्या मुलांचा शोध सुरू झाला. कशासाठी आलास असं जमनाबाईंनी विचारल्यावर बाकीची मुलं गडबडली आणि गोपाळ म्हणाला, राज्य करायला आलोय, ही गोष्ट आमच्याकडं घरोघर सांगतात. अण्णा मात्र वर्गात वेगळीच गोष्ट सांगायचे. बाराव्या वर्षापर्यंत या मुलाला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. बडोद्याला गेल्यावर त्यानं मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषांची बाराखडी एकदम गिरवायला घेतली. एलियट नावाचे इंग्रज शिक्षक त्याला शिकवायचे आणि दिवाण सर टी. माधवराव राज्यकारभाराचे धडे द्यायचे. उशिरा शाळेत आलेल्या, मागच्या बाकावर अंग चोरून बसणाऱ्या पोरांकडं बघत अण्णा ही गोष्ट सांगायचे. त्यातली काही पोरं पुढं ग्रामसेवक झाली, शिक्षक झाली.

तेव्हा आमचा बेत सुरू झाला तो वारापासून. मंगळवारी निघायचं, बुधवारी राजवाडा, गुरुवारी कमाटी बाग, शुक्रवारी परत. महिना डिसेंबरचा. बडोद्याची बाग पावसाळ्यात हिरवीगार असते हे खरं, पण विश्वामित्री नदी शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या मगरी रस्त्यावर आणि लोकांच्या अंगणात आल्या होत्या. उन्हाळ्यात पंचाहत्तरीच्या आईला घेऊन भर दुपारी फिरणं शक्य नव्हतं. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

पुढचा प्रश्न, राजवाड्याला वेळ किती द्यायचा? जाऊन आलेल्या सगळ्यांनी एकच सांगितलं : दीड तास भरपूर झाला. दरबार हॉल पाहायचा, बाहेर हिरवळीवर फोटो काढायचे की झालं. भाच्यानं मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं, “मावशी, बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट आहे म्हणे. तीन कोटी चार लाख ब्याण्णव हजार चौरस फूट.” मला आकड्यांची सवय आहे, तीस वर्षं सहकारी बँकेत काढली. इमारतीच्या मानानं तो आकडा मला फार मोठा वाटला. कागद घेतला आणि हिशेब केला. राजवाड्याचं मूळ आवार ७०० एकरांचं. एका एकरात ४३,५६० चौरस फूट. गुणाकार केला, बरोबर ३,०४,९२,००० आला. म्हणजे इमारतीचं म्हणून जे क्षेत्रफळ जगभर फिरतं आहे, ते जमिनीचं आहे. बागेचं, झाडांचं, हिरवळीचं, तळ्याविहिरींचं. बकिंगहॅमच्या खोल्यांशी लोक बडोद्याची बाग मोजून मोकळे झाले आहेत.

तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. या वास्तूचं जे मोठेपण सगळे सांगतात ते बागेचं आहे, आणि दीड तासात जी पाहायची राहते तीही बागच. अण्णांनी भिंतीबाहेरून पाहिली ती हीच. मी वहीत लिहिलं : राजवाडा दोन तास, बाग उरलेला दिवस.

गाडीनं जायचं ठरलं. मुंबईकरांना सोपं आहे, वंदे भारतनं सकाळी निघून दुपारच्या आत बडोद्याला पोचतात. आमच्या बाजूनं मात्र रस्ताच बरा. मालेगावहून धुळ्याला न जाता कुसुंब्यावरून साक्री, मग कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूर. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. भाच्यानं गाडी थांबवून ते बघून घेतलं. तिथून थोडं पुढं गेलं की सोनगड. डोंगरावरचा किल्ला महामार्गावरूनच दिसतो. गुजरातेतलं गायकवाडांचं पहिलं बस्तान ते. पिलाजीराव गायकवाड इथूनच गुजरातेत पुढं सरकले. मुंबईहून रेल्वेनं आलेल्या माणसाला बडोदा एकदम समोर येतं. या वाटेनं आलं की मराठे गुजरातेत कसे उतरले ते पायाखालच्या रस्त्यावरून कळत जातं : घाट, सोनगड, तापीचं खोरं, मग भरूचला नर्मदा, आणि मग बडोदा. चारशे किलोमीटरांना आम्हांला नऊ तास लागले, कारण आईला दर दोन तासांनी पाय मोकळे करावे लागतात. बेत आखताना हे थांबे धरायला मी विसरले नव्हते.

दांडिया बाजाराजवळ उतरलो. उतरलो त्या घराची मालकीण पिढ्यान्‌पिढ्यांची बडोदेकर. तिचं मराठी ऐकताना आईच्या चेहऱ्यावर हसू येत होतं. “तुम्ही सवारे लवकरच निघा, नंतर भीड होते,” ती म्हणाली. ‘सवारे’ गुजराती, ‘भीड’ गुजराती, बाकी वाक्य आपलं. या शहरात १९०९ पासून २०१८ पर्यंत चारदा मराठी साहित्य संमेलन भरलं. तीन पिढ्या गुजराती शाळेत गेलेल्या घरांतही देवघरातली आरती मराठीच असते, असं ती सांगत होती.

बुधवारी उघडता उघडताच आम्ही फाटकातून आत गेलो. मला वाटलं होतं राजवाडा एकदम समोर उभा राहील. तसं होत नाही. आधी झाडं येतात, मग मोकळी हिरवळ, आणि तिच्या पलीकडं लांबच लांब पसरलेली ती इमारत : घुमट, छत्र्या, कमानी, मधोमध उंच मनोरा. एक बाजू राजस्थानी वाटावी, दुसरी मुघल, खिडक्या पाहाव्यात तर युरोपातल्या चर्चच्या. हा घाट मेजर चार्ल्स मॅंट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहिलेल्यांना ओळख पटेल, तोही त्यांचाच. मॅंट १८८१ मध्ये वारले. आपल्या गणितात चूक झाली आहे, इमारत कोसळेल, या धास्तीनं त्यांनी जीव दिला असं सांगतात. पुढचं काम रॉबर्ट चिझम यांनी पुरं केलं आणि १८९० मध्ये राजवाडा उभा राहिला. सव्वाशेहून अधिक वर्षं तो जसाच्या तसा उभा आहे. त्याच्याखाली उभं राहून मॅंटबद्दल विचार केला की जीव कळवळतो.

आणखी एक माणूस हा राजवाडा पुरा झालेला पाहू शकलं नाही. सयाजीरावांची पहिली राणी तंजावरची, माहेरचं नाव लक्ष्मीबाई. लग्न १८८० चं. राजवाड्याला नाव तिचंच, असं मानतात. सासरी ती चिमणाबाई झाली, आणि १८८५ मध्ये, राजवाडा व्हायला पाच वर्षं असताना, क्षयानं गेली. विशीतली पोर. तिच्याबरोबर तंजावरहून नर्तकी आणि वादक बडोद्याला आले होते, त्यामुळं भरतनाट्यम या शहरात एकोणिसाव्या शतकातच पोचलं. आईनं हे ऐकलं आणि दारातल्या पायरीवर क्षणभर थांबली. “तिचं नाव तरी राहिलं,” म्हणाली.

आत फोटो काढू देत नाहीत, ते मला आवडलं. माणसं मग बघतात. दरबार हॉलमध्ये जमिनीवर व्हेनिसच्या धर्तीचं मोझेक, त्यासाठी मुरानोहून कारागीर आणले होते. खिडक्यांना बेल्जियमच्या रंगीत काचा, त्यांतून उन्हाचे निळे-तांबडे तुकडे फरशीवर पडलेले. वरती लाकडी जाळीचे सज्जे, तिथून राणीवशातल्या बायका दरबार बघायच्या. आई त्या सज्जांकडं फार वेळ बघत होती. ऑगुस्तो फेलिचीचे ब्राँझचे आणि संगमरवरी पुतळे मात्र आम्ही भराभर मागं टाकले. त्यांचं कौतुक पुष्कळांनी केलेलं आहे.

आईचा पाय अडला तो राजा रविवर्म्यांच्या लक्ष्मीपाशी. १८८० च्या दशकात रविवर्मा बडोद्याला आले, सयाजीरावांनी त्यांच्याकडून पुराणातल्या प्रसंगांची चौदा चित्रं करवून घेतली, आणि ती लोकांना पाहायला खुली ठेवली तेव्हा गर्दी लोटली. इतक्या घरांत इतकी मागणी असेल तर छापूनच द्यावीत, हे सर टी. माधवरावांनी सुचवलेलं. १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढं तो मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती महाराष्ट्रातल्या घराघरात पोचल्या. आमच्या देवघरातही ती लक्ष्मी होती. काच तडकलेली, कडेला वाळवीनं खाल्लेली, वर्षानुवर्षांच्या उदबत्तीनं चेहरा पिवळा पडलेला. आई पन्नास वर्षं तिला हळदकुंकू वाहत आली. इथं ती मूळ रंगात. आई जवळ गेली, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. “हत्तीच्या सोंडेत माळ आहे,” ती म्हणाली. आमच्या चित्रात तेवढाच भाग वाळवीनं खाल्ला होता. लग्न होऊन आल्यापासून तिला तो हत्ती नुसताच सोंड उचलून उभा वाटत होता.

दोन तास म्हणून धरलेल्या राजवाड्याला पावणेतीन तास लागले. मग आम्ही बाहेर आलो.

आवार पूर्वी ७०० एकरांचं होतं, आता पाचशेच्या आसपास आहे. सगळीकडं फिरता येत नाही. गायकवाड घराणं आजही इथं राहतं, एका बाजूला गोल्फचं मैदान आहे, मोतीबागेचं क्रिकेटचं मैदान आहे. पण जेवढं पाहता येतं तेवढंही दीड तासात मावणारं नाही. ही बाग मांडली विल्यम गोल्डरिंग यांनी. ते लंडनच्या क्यू उद्यानात तयार झालेले. त्यांच्यामागून १८९३ मध्ये, क्यूमध्येच काम केलेले जर्मन गुस्ताव क्रुंबिगल बडोदे संस्थानच्या बागांचे प्रमुख म्हणून आले आणि पंधरा वर्षं राहिले. १९०८ मध्ये ते बंगळूरला गेले आणि लालबागेला आजचं रूप दिलं. एका झाडाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा अशा बेतानं त्यांनी त्या शहराच्या रस्त्यांवर झाडं लावली. बंगळूरच्या फुललेल्या रस्त्यांचं कौतुक सगळ्या देशाला आहे. त्या माणसाची हिंदुस्थानच्या मातीशी, उन्हाशी, पावसाशी पहिली गाठ बडोद्यात पडली होती, हे बडोद्यातही फार कुणी सांगत नाही.

इंग्रजी पद्धतीच्या अशा बागेला एकच गोष्ट लागते, पाणी. क्यूमध्ये ते आभाळातून बारा महिने पडतं, इथं चार महिने. याच आवारात नवलखी वाव आहे, १४०५ च्या शिलालेखाची. वाव म्हणजे आपली बारव, पायऱ्या-पायऱ्यांनी जमिनीत उतरलेली. गायकवाड गुजरातेत यायच्या आधी तीनशे वर्षं ती इथं होती. आणि राजवाडा पुरा झाला त्याच सुमारास सयाजीरावांनी आजव्याला मोठं तळं बांधून शहराला नळाचं पाणी आणलं. शहर तहानलेलं ठेवून हिरवळ शिंपली, असं या राजाबद्दल म्हणता येत नाही. नवलखी वाव आम्हांला पाहता आली नाही. ती मनात ठेवली आहे.

एका मोठ्या वडाखाली आई बसली. आनंद झाला की ती अजून माहेरच्या अहिराणीवर जाते. “कितलं मोठं झाड से!” म्हणाली. शेजारी एक वयस्कर माळी नळीनं पाणी घालत होता. नव्या लावलेल्या रोपाभोवती त्यानं आळं केलं होतं : हातभर रुंद, काठ थापून गोल केलेले, आत वाळलेल्या पाचोळ्याचा थर. आई उठली, वाकली आणि पाचोळा बाजूला सारून दोन बोटं मातीत घातली. बोटांना ओल लागली, चिखल लागला नाही. “पाणी बेतानं घातलंय,” ती मला म्हणाली, आणि मग त्याला विचारलं, हा वड किती जुना. तो हसला. “आ झाड तो मारा दादाना वखतनुं छे,” आजोबांच्या वेळचं. आजोबाही इथंच माळी होते. दोघं मग बराच वेळ बोलत बसले, ती मराठीत, तो गुजरातीत. खत कुठलं घालता, वाळवीला काय करता, वानरं फुलं ठेवतात का. मी ऐकत होते. गोल्डरिंग आणि क्रुंबिगल यांची नावं पुस्तकात आहेत. सव्वाशे वर्षं आळी करणाऱ्या या घराचं नाव कुठल्याच फलकावर नाही, आणि बाग उभी आहे ती त्या आळ्यांवर.

ऊन कलेपर्यंत आम्ही तिथं होतो. फत्तेसिंग संग्रहालय त्याच आवारात आहे. ती इमारत राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती, आणि मुलांसाठी आवारातून एक छोटी आगगाडी धावायची. बारा वर्षांचा होईपर्यंत ज्यानं शाळा पाहिली नव्हती, त्याच्या घरातल्या मुलांसाठी शाळेपर्यंत रूळ. अण्णा असते तर इथं वही काढून काहीतरी टिपून घेतलं असतं.

संध्याकाळी गावात फिरलो. सूरसागर, त्याच्या काठचं न्यायमंदिर, रावपुऱ्यातला चिमणाबाई टॉवर. हा टॉवर त्याच लक्ष्मीबाईंच्या स्मरणार्थ १८९६ मध्ये उभारलेला. सेव-उसळ खाल्ली, आईनं तिखट म्हणून अर्धी सोडली. तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं आणि कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची चित्रं पुढच्या खेपेला. मध्यवर्ती ग्रंथालय मात्र मी वगळू दिलं नाही. १९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभारलं, आणि जिथं वाचनालय नाही अशा खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ठेवल्या. त्याआधी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं होतं. आमच्या शाळेतही अण्णांची एक पेटी होती, पत्र्याची. सुट्टीत ती सायकलच्या कॅरियरला बांधून ते वस्तीवर न्यायचे. हे त्यांना कुठून सुचलं, ते मला त्या ग्रंथालयाच्या दारात उमजलं.

गुरुवारी कमाटी बाग. लोक तिला सयाजी बागही म्हणतात. राजवाड्याचं काम सुरू होत होतं त्याच सुमारास, १८७९ मध्ये, विश्वामित्रीच्या काठी ११३ एकरांची ही बाग लोकांसाठी काढली. तिकीट नाही, पहारा नाही. दाराशी घोड्यावर बसलेले सयाजीराव, त्यावरूनच त्या चौकाला काळा घोडा म्हणतात. आत १८९४ चं संग्रहालय, त्यात निळ्या देवमाशाचा सांगाडा. तो देवमासा १९४४ मध्ये महीच्या मुखाशी वाहून आला होता. भाच्यानं पावलं मोजली, म्हणाला, आपलं घर आत मावेल. राजपुत्रांची ती छोटी गाडी पुढं याच बागेत आली, इथल्या पोरांसाठी. नंतर तिच्या जागी दुसरी गाडी आली. झाडाखाली माणसं पेपर वाचत होती, कॉलेजची मुलं डबे खात होती, कुणी म्हातारे प्राणायाम करत होते. राजवाड्याची बाग बघायची असते. ही बाग वापरायची असते. बडोद्याला येणाऱ्यांनी दोन्ही बघाव्यात, आणि शक्यतो याच क्रमानं.

दुपारी चारच्या सुमारास आम्ही संकल्पभूमीवर गेलो, बागेतल्या वडापाशी. आईला इथं यायचं होतं, हे तिनं घरूनच सांगितलं होतं. मी तिला तिथं बसून सगळं सांगितलं. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला गेले. कराराप्रमाणं सप्टेंबर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला आले. कोलंबियात शिकून आलेल्या माणसाला या शहरात खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना काठ्या घेतलेली माणसं खोलीपुढं उभी. संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन स्नेह्यांकडं जागा मागितली, दोघांनीही दिली नाही. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास ते या बागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलेलं आहे.

त्या वेळी राजवाड्याचं आवार ७०० एकरांचं होतं. सयाजीराव त्यांना शिकवणारे, नोकरी देणारे. अस्पृश्यांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या होत्या. आणि त्यांच्याच राजधानीत या माणसाला रात्रीपुरती खोली नव्हती. राजाचा हुकूम शाळेपर्यंत पोचला, लोकांच्या घरातल्या उंबऱ्यापर्यंत पोचला नाही. मी सयाजीरावांना मोठं मानते, अण्णांनी तसंच शिकवलं. पण त्या वडाखाली बसून ते मोठेपण पुरेसं वाटेना, आणि तसं वाटणंच बरोबर आहे असं माझं मत आहे.

आई ऐकत होती. सकाळी मालकिणीनं दिलेले ठेपले डब्यात होते, बसल्या बसल्या तिनं पिशवीतून डबा काढून मांडीवर घेतला होता.

“चार ते नऊ?” तिनं विचारलं.

“हो.”

“एकटेच?”

“एकटेच.”

बागेतली गाडी शिटी देत पलीकडून गेली, पोरं ओरडली. आईनं डब्याचं झाकण अर्धं उघडलं होतं. “पाच तासांत त्यांनी काही खाल्लं असेल का गं?” ती म्हणाली, आणि झाकण परत लावून टाकलं.